अज्ञात म्हणून लावलेले फोटो

कुमुदबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिळफाट्यावर भाजी घेत होतो. फोन त्यांच्या मुलीचा, मंजिरीचा. ‘‘सर, आई गेली... पहाटे, झोपेतच. तुम्ही येता ना?’’ एवढंच बोलली. मी स्कूटर काढली, तशी भाजीवाली मागून ओरडली, ‘‘अवो सर, पिशवी राह्यली तुमची!’’ ती पिशवी तिथेच राहिली. कर्जतला पोचलो तर बाईंना बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. घरचे भिंतीला पाठ लावून उभे होते. मुलगा कॅनडात. त्याला वेळेत पोचणं शक्यच नव्हतं, म्हणून मोबाइलवरून दाखवायचं ठरलं होतं. पण मोबाइल धरणार कोण? मंजिरी येणाऱ्या-जाणाऱ्यांचं बघत होती, जावई भटजींच्या मागे होता. शेजारचं कुणीतरी म्हणालं, ‘‘भोईर सरांकडे द्या. ते बाईंबरोबर फोटोंसाठी फिरायचे.’’ आणि मोबाइल माझ्या हातात आला. आजकाल हे घरोघर चालतं, त्यात कुणाला काही वाटत नाही. मला मात्र वाटलं. कारण माझा बाप जन्मभर हेच करत होता, आणि मी जन्मभर त्यापासून लांब पळत होतो.

माझे वडील, गणपत भोईर, मढ्यांचे फोटो काढायचे. सरळच लिहितो, वळसे घालून झाले पुष्कळ. आमच्या खालापूरच्या गावांतून तेव्हा जिवंतपणी फोटो काढून घेण्याची चैन कुणाला नव्हती. घरातलं मोठं माणूस गेलं की उचलण्याआधी त्याला खुर्चीत बसवायचं, मागून धोतराच्या पट्टीनं बांधायचं, डोक्याला टोपी किंवा पदर सारखा करायचा, भोवती घरचे उभे करायचे आणि फोटो काढायचा. तोच पुढं भिंतीवर लागायचा. खोपोलीच्या ज्या स्टुडिओत वडील कामाला होते, त्याचा मालक असल्या ठिकाणी स्वतः जात नसे, यांना पाठवी. पुढं तो जुना कॅमेरा यांच्याकडेच आला. सायकलला कॅमेऱ्याची तिपाई बांधलेली ती स्वारी एखाद्या गावात शिरली की विहिरीवरच्या बायका हातातलं सोडून विचारायच्या, ‘‘कोण गेलं गं?’’ घरी आल्यावर त्यांना आत यायची मुभा नव्हती. आई मागच्या दाराशी गरम पाण्याची बादली ठेवायची, आणि कॅमेऱ्याची पिशवी गोठ्यातल्या खुंटीला. ती पिशवी कधी घरात आली नाही. शाळेत मुलं मला ‘मढ्याचा’ म्हणायची. ‘‘ए मढ्याच्या, तुज्या बापाला सांग, आमची आजी अजून जित्ती हाय, उगा फेऱ्या मारू नको!’’ सगळे हसायचे. मीही हसायचो, काय करणार?

मी शिकलो. आमच्या वाडीतला पहिला बी. ए. मी. पुढं एम. ए. केलं, बी. एड. केलं आणि कर्जतच्या शाळेत इतिहास शिकवला. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. शाळेच्या फलकावर माझं नाव होतं : आर. जी. भोईर, एम. ए., बी. एड. वडिलांचं कुणी विचारलं तर ‘शेती’ म्हणायचो. थोडी होतीही.

कुमुदबाई त्याच शाळेत मराठी शिकवायच्या. कर्जतच्या जुन्या घरातल्या, वडील वकील, आजोबा मास्तर. बोलणं स्वच्छ आणि कान पकडणारं. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी. निवृत्तीनंतर मंजिरीनं त्यांना कॅमेरा आणून दिला, आणि बाईंना त्या वयात नवंच वेड लागलं. आधी जास्वंदी झाली, मग उल्हास नदी, मग भिवपुरीच्या डोंगरावरचे ढग. सगळे काढतात तेच. त्यांनाच ते पटेना. मग जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी जाऊन माणसांचे फोटो काढू लागल्या. साडीवर स्पोर्ट्सचे बूट, मांडीवर कॅमेऱ्याची बॅग, अशा माझ्या स्कूटरवर मागे बसायच्या. घरी येऊन काढलेले फोटो बघायच्या आणि म्हणायच्या, ‘‘भोईर, माझी माणसं रेशनच्या रांगेत उभी असल्यासारखी का दिसतात हो?’’ मी म्हणायचो, ‘‘बाई, तुम्ही समोर उभ्या राहिलात की सगळ्यांना तोंडी परीक्षा आठवते.’’

त्या फिरण्यातच त्यांना एक सवय लागली. घरात शिरलं की पाण्याचा तांब्या यायच्या आधी विचारायच्या, ‘‘भिंत दाखवता का?’’ म्हणजे भिंतीवरचे जुने फोटो. ते त्या तासन् तास बघायच्या, त्यांचेच फोटो काढून घ्यायच्या. मी दारात उभा राहून शेताकडे बघायचो. मला त्या भिंती माहीत होत्या.

साजगावच्या पुढच्या एका गावात, कारखान्यात कामाला असलेल्या एका विद्यार्थ्याच्या घरी गेलो होतो. भिंतीवर खुर्चीत बसलेल्या एका म्हाताऱ्याचा फोटो. डोळे मिटलेले, भोवती बायको, मुलं, सुना. बाई त्याच्यासमोर खिळल्याच. ‘‘काय शांत चेहरा आहे! कॅमेऱ्यासमोर असे डोळे मिटून बसायला लावलं... या फोटोग्राफरला काय सुचलं असेल!’’ विद्यार्थ्याची आजी ओटीवर सुपारी कातरत होती. तिचा अडकित्ताच थांबला. ‘‘अवो बाई, मेलेला हाय तो! माजा सासरा. बसवलाय धरून.’’ सगळं घर हसलं. बाईही आधी दचकल्या, मग हसल्या. तेवढ्यात म्हातारीनं माझ्याकडं बोट केलं. ‘‘आनि काढलाय कुनी, ते तुमच्याबरुबरच्याला इचारा की! गणपाचा ना रं तू? तोंडावळा लपतोय व्हय!’’

विद्यार्थी माझ्याकडं बघत होता. त्याला मी इतिहास शिकवला होता. माझे कान तापले. मी ‘हो’ म्हणालो की नाही, तेही आठवत नाही. स्कूटर सुरू करायला बाहेर आलो एवढं खरं.

परतताना बाईंनी मागून माझ्या खांद्यावर थाप मारली. मग म्हणाल्या, ‘‘थांबवा.’’ मला वाटलं, आता सहानुभूती. पण त्या चिडल्या होत्या. ‘‘इतकी वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला आपण. आणि तुम्ही मला हे सांगितलं नाहीत?’’

‘‘यात सांगण्यासारखं काय आहे, बाई?’’

‘‘हात, भोईर! त्या फोटोतले हात बघितलेत का तुम्ही?’’

मी बघितले नव्हते. बापानं काढलेला एकही फोटो मी कधी नीट बघितला नव्हता. बाईंनी रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या कॅमेऱ्यावर दाखवले. तशा कितीतरी भिंती त्यांनी आधीच टिपल्या होत्या. त्या काळच्या बाकीच्या फोटोंत माणसं ताठ, हात मांड्यांना चिकटलेले. पण काही फोटोंत प्रत्येकाचा हात मधल्या माणसाला लागलेला. खांद्यावर, गुडघ्यावर, एका तान्ह्याची मूठ म्हातारीच्या बोटात. ‘‘हे सगळे एकाच माणसाचे आहेत, हे मला केव्हाच कळलं होतं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘कोण ते कळत नव्हतं. आणि तो माणूस तुमच्या घरात होता!’’

त्यानंतर त्या फक्त गणपत भोईरांच्या मागे लागल्या. गावोगाव विचारत सुटल्या, आणि स्कूटर माझीच. गावं वडिलांना विसरली नव्हती. विसरायचं ठरवलं होतं ते मीच. एका घरात एक बाई म्हणाली, ‘‘माजी आई गेली तवा मी एवढीशी. जवळ जायाला भ्यायची. आमच्यातलं कोनीच जवळ जाईना. तवा गणपादादा म्हनला, ये गं पोरी, हात लाव. घरचंच मानूस हाय. लाजायचं नाय आन् भ्यायचं नाय. आईचा हात मी शेवटी धरला तो त्याच्यामुळं.’’ सांगताना तिनं स्वतःचाच हात धरून ठेवला होता. कुमुदबाई डोळे पुसत होत्या. मला मात्र त्या क्षणीही एकच दिसत होतं, की दारात शेजारची माणसं जमली आहेत आणि ऐकताहेत... हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

बाईंचे स्वतःचे फोटो तिथून बदलले. जुन्या फोटोखाली त्या आजच्या घरच्यांना उभं करायच्या आणि कडक आवाजात सांगायच्या, ‘‘लांब लांब काय उभे राहता? एकमेकांना हात लावा!’’ रेशनची रांग मोडली. मला म्हणायच्या, ‘‘माझे गुरू तुमचे वडील बरं का, भोईर.’’ मी विषय बदलायचो. एकदा आमच्या घरी आल्या आणि सवयीनं म्हणाल्या, ‘‘भिंत दाखवता का?’’ आमच्या भिंतीवर माझा पदवीदानाचा फोटो आहे, काळ्या झग्यातला. ‘‘कुणी काढला?’’ ‘‘कर्जतच्या स्टुडिओत.’’ बाई माझ्याकडं वळल्या. ‘‘घरात फोटोग्राफर असून?’’ मी चहाचं बघायला आत गेलो.

मग त्यांनी प्रदर्शन ठरवलं. कर्जतच्या शाळेचा हॉल, जुने फोटो मोठे करून फ्रेममध्ये, आणि प्रत्येकाखाली वडिलांचं नाव. मी म्हणालो, ‘‘नाव नको.’’

‘‘का?’’

‘‘बाई, याच शाळेत मी शिकवलंय. माझे विद्यार्थी येतील, त्यांचे आईबाप येतील. तुम्हाला हे कौतुक वाटतं, कारण तुमच्या दारात कुणी ‘मढ्याचा’ म्हणून ओरडलं नाही.’’

माझं म्हणणं खोटं नव्हतं, आणि त्या ते समजल्या. पण एवढंच म्हणाल्या, ‘‘ओरडणारी पोरं म्हातारी झाली, भोईर. तुम्हीच तेवढे चौथीत राहिलात.’’ तरी त्यांनी माझा शब्द मोडला नाही. प्रत्येक फ्रेमखाली पट्टी चिकटवली, ‘छायाचित्रकार : अज्ञात’. त्यांचं ते वळणदार अक्षर, फळ्यावर असायचं तसंच.

प्रदर्शनाला टेंपो करून गावची माणसं आली. घरच्या माणसांना अशा चकचकीत काचेत बघून हरखली. एका म्हातारबुवांना नातवानं पट्टी वाचून दाखवली, तर ते भडकले. ‘‘आदन्यात? कोन आदन्यात? हा गणपाचा फोटू हाय! आमी खुर्ची धरलीवती!’’ हॉलभर ऐकू गेलं. मी खिडकीपाशी उभा होतो, इस्त्रीचा सदरा घालून. बाईंनी माझ्याकडं बघितलं. नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं... नुसती वाट बघितल्यासारखं बघत होत्या. तेव्हा चार पावलं पुढं होऊन म्हणता आलं असतं, ‘बाबा, खरं आहे तुमचं. मी त्यांचाच मुलगा.’ मी खिडकीबाहेर बघितलं. बाई पुढं झाल्या, म्हातारबुवांना खुर्ची दिली, चहा दिला. जाताना मला म्हणाल्या, ‘‘पुढचं खोपोलीला करू. तोवर तुमचा विचार होईल.’’ पुढचं झालं नाही.

तर तो मोबाइल माझ्या हातात होता. पलीकडं कॅनडातून मुलगा बघत होता. फुलांमधून बाईंचा चेहरा दिसत होता, आणि भोवती बरीच मोकळी जागा. घरचे सगळे भिंतीशी. सुशिक्षित, शांत, हात बांधलेले. मुलाला तिकडून दिसत होती ती एकटी आई. तो म्हणाला, ‘‘काका, जरा जवळून...’’ आणि मला कळायच्या आत माझ्या तोंडून निघालं, ‘‘लांब का उभे? जवळ या. हात लावा. घरचंच माणूस हाय.’’

आहे नाही म्हणालो, हाय म्हणालो. इतकी वर्षं वर्गात घासून काढलेली भाषा त्या एका शब्दात गेली. कुणी हसलं नाही. मंजिरी पुढं झाली, तिनं आईच्या कपाळावर हात ठेवला. नातीनं पाय धरले. जावई आला. मुलगा तिकडून म्हणाला, ‘‘मंजू, माझ्या वाटणीचाही ठेव गं...’’ तिनं दुसरा हात आईच्या गालावर ठेवला. मी मोबाइल दोन्ही हातांनी धरला. बाप हे कसं करत असेल, रडणाऱ्या घरात, कुणी पाणीही विचारत नसताना, आणि परत येऊन मागच्या दाराशी गरम पाणी अंगावर घेताना काय वाटत असेल त्याला, हे तो असेपर्यंत मी त्याला कधी विचारलं नाही. इतिहासाच्या मास्तरानं.

तेराव्यानंतर मंजिरीनं प्रदर्शनातल्या फ्रेमा माझ्याकडं पाठवल्या. ‘‘आईनं तुमच्यासाठीच ठेवल्या होत्या,’’ म्हणाली. परवा मागच्या दाराशी बसलो, वाटीत गरम पाणी घेतलं, फडकं भिजवून एकेक पट्टी सोडवली. बाईंनी पक्की चिकटवली होती. काचेवर ‘अज्ञात’चे तुकडे राहतात, नखानं काढावे लागतात. मग नव्या पट्ट्या लिहिल्या. लिहिताना लक्षात आलं, की ‘गणपत’ हे नाव मी हातानं असं पुरं क्वचितच लिहिलं आहे. फलकावर, हजेरीवर, सही करताना, सगळीकडे नुसता ‘जी’. गोठ्यातल्या खुंटीला पिशवी अडकवावी तसा त्या एका अक्षराला बाप अडकवून मी घरात वावरत होतो.

फ्रेमा आता आमच्या बाहेरच्या खोलीत आहेत. झग्यातला फोटो बाजूला सरकवला. खुर्चीतल्या त्या म्हाताऱ्याच्या फोटोखालची पट्टी मात्र मी काढलेली नाही. तिथं बाईंच्या अक्षरात अजून ‘अज्ञात’ आहे. बायको म्हणाली, ‘‘एवढी एकच कशाला ठेवलीत?’’ मी ती फ्रेम सरळ केली. लिहून मोकळं होणं सोपं आहे. ती पट्टी तिथं असली म्हणजे घरात येणारा कुणीतरी कधीतरी विचारेल, हा कुणी काढला... आणि तेव्हा मला ते तोंडानं सांगावं लागेल.