सुमनताईंचे काळे बूट

ढोलकी वाजली, रस्त्यावर माणसांचा गोल जमला की सुमनताई चपला काढायच्या आणि यजमानांचे काळे बूट पायांत चढवायच्या. साडी तीच, कुंकूही तेच; पण बूट चढले की त्या कारखान्याच्या मालक होत. एरवी केंद्र सरकारच्या कचेरीत क्लार्क, सुट्टीला पथनाट्य. मी तेव्हा दिल्लीत मुनिरक्याला खोली घेऊन शिकत होतो आणि त्यांच्या तुकडीत ढोलकी बडवत होतो.

आम्हा पोरांना मालक मिशा पिळणारा, गुरगुरणारा हवा असे. ताई उडवून लावत. "अरे यार, असा मालक कुणी पाहिलाय? जो गुळाने मरतो त्याला विष कशाला द्यायचं?"

फरीदाबादचा एक कारखाना बंद होऊन तिथे फ्लॅट उठणार होते. तिथले साहेब कामगारांच्या राजीनाम्यांवर सह्या घेणार होते. त्या होऊ नयेत म्हणून आदल्या दिवशी आम्ही फाटकासमोर नाटक लावलं. ताईंनी बूट घातले आणि साखरपेरणी सुरू केली. "आप तो हमारा परिवार हैं. बस दस्तखत कर दीजिए, आगे की चिंता हमारी." आणि घात झाला. समोरची माणसं चक्क माना डोलवू लागली. एक म्हातारे कामगार म्हणाले, "मैडम बात तो ठीक कह रही हैं." माझी ढोलकीच थांबली.

ताई डगमगल्या नाहीत. भर गोलात खाली बसून त्यांनी बूट काढले आणि अनवाणी उभ्या राहिल्या. "अच्छा लगा न? मैं तो क्लर्क हूँ, सब झूठ बोल रही थी. कल जो आएँगे, मुझसे भी मीठा बोलेंगे."

बसमध्ये मी चिडून म्हणालो, "ताई, तुम्ही नको इतकं छान काम करता, तोच घोळ आहे."

"चलो, उद्या बघू," त्या म्हणाल्या आणि खुशाल डुलक्या घेऊ लागल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही गर्दीत मागे उभे होतो. साहेबांनी "आप तो हमारा परिवार हैं," म्हणायचा अवकाश, कालचेच म्हातारे ओरडले, "साहब, पहले जूते उतारिए!" फाटकासमोर असा हशा उसळला की साहेबांना पुढे बोलताच येईना. एकही सही झाली नाही. कारखाना पुढे बंद झालाच, पण कामगारांच्या अटी मान्य करून.

ताई जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी गुडगावात काचेच्या इमारतीत नोकरी करतो. अधूनमधून मोठे साहेब सगळ्यांना जमवतात आणि आपण सारे एक कुटुंब आहोत, असं गोड आवाजात सांगू लागतात. आजूबाजूच्या माना डोलू लागतात. मला ताईंची फार आठवण येते, आणि नजर सरळ साहेबांच्या बुटांकडे जाते.