कोपऱ्यातला घोडेस्वार

रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये टेबलावरच्या लढाईची स्पर्धा होती. बोटाएवढे, हाताने रंगवलेले सैनिक; मेला की उचलून बाजूला ठेवायचा. डाव संपले आणि चहाला गुणांवरून जुंपली. नुसत्या विजयाला गुण द्यावेत, की मारलेल्या प्रत्येक सैनिकाला?

“प्रत्येकाला!” नाना तावातावाने म्हणाले. “निसटता विजय आणि पार धुव्वा, दोन्ही सारखेच कसे?”

मला काही पटेना. जिंकून झाल्यावरही मारतच सुटायचं, हा कसला न्याय? पण मघाशी नानांचा डाव मी पाहिला होता. समोरच्या बाईंचा कोपऱ्यातला एक घोडेस्वार सहज मिळत असून त्यांनी सोडला होता.

“मग तो का सोडलात?” मी विचारलं.

नानांचा आवाज एकदम खाली आला. “अहो, त्यांनी सकाळीच रंगवलाय तो. अजून ओला होता.”