पंधरा हातांचा पट्टा

“या नाचात तुमची कंबर एवढी बारीक कशी हो दिसते, माक सुरी?” कॅमेरावाल्या पोरीनं विचारलं, आणि चहा घेऊन आलेली मी दारातच थांबले.

सिंगापुरातल्या या नवव्या मजल्यावर आम्ही दोघी म्हाताऱ्या एकत्र राहतो. लढाई संपल्यावर आमच्या मलय सिनेमात नाचगाण्यांचा नुसता पूर आला होता, सुरी त्यातली नावाजलेली नाचणारी. पोरगी तिच्यावर माहितीपट करतेय, मानानं तिला माक म्हणते, म्हणजे आई. मी कोण, हे तिनं अजून विचारलेलं नाही. चहा देणारी म्हातारी समजते मला. समजू दे. स्टुडिओत सुरीचे सगळे कपडे मी शिवले. तिच्या अंगाचं माप तिच्या नवऱ्यापेक्षा मला जास्त ठाऊक होतं.

म्हणून तर सगळ्यांच्या आधी मला कळलं. चोपन्न साली सुरीला मिळालेल्या राजकन्येच्या कामाची चोळी बेतताना माझी फीत चार बोटं पुढं गेली. मी वर बघितलं. सुरीनं उठून दार लावलं.

“कुणाला बोलू नकोस, कक.” मोठ्या बहिणीला आमच्यात कक म्हणतात, आणि सुरी मला कक म्हणाली की माझं काही चालायचं नाही.

“कितवा?”

“पाचवा लागलाय.”

“आणि गिरक्या घेत फिरतेस? अक्कल गहाण टाकलीस का?”

लग्नाला सहा वर्षं झाली होती तिच्या. किती थडग्यांवर पिवळं कापड बांधून नवस बोलली होती, तेव्हा कुठं दिवस राहिले होते. आणि तितकीच वर्षं मागच्या रांगेत नाचून पहिल्यांदाच ती पुढं आली होती. बातमी फुटली असती तर दुसऱ्या दिवशी काम दुसरीला गेलं असतं. “एकच नाच राहिलाय,” ती म्हणाली. “तीन दिवस. मग बसते घरी पाय पसरून.” तिला दोन्ही पाहिजे होतं, मूलही आणि नाचही. त्यात तिचं काय चुकलं, ते मला अजून कळलेलं नाही.

पण आमचे दिग्दर्शक चंद्रन मास्टर, मद्रासहून आलेले, घारीची नजर. तालमीलाच मला म्हणाले, “तिजाह, हिचा भात कमी कर. नाहीतर ही चोळी मागच्या रांगेतल्या नोरियाला बसते का बघ.” सगळे हसले. सुरीही हसली, पण तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

मग मला सुचलं. नसतं सुचलं तर बरं झालं असतं. बाळंतिणीचं पोट बांधायचा पट्टा आमच्या घरोघरी असतो. पंधरा हात लांब, छातीखालून कमरेपर्यंत आवळायचा, चाळीस दिवस. माझ्या आईचा माझ्याकडे होता, तिच्या सात बाळंतपणांचा. ट्रंकेतून काढला तर घडीघडीत काळ्या मुंग्या. मी त्या झटकल्या आणि पट्टा उन्हात टाकला.

आमच्या चाळीतली सुईण, तोक लिमा, म्हणजे लिमा आजी, दोरीपाशी थांबली. “कोण बाळंत झालं?”

“कुणी नाही, तोक. शिवायचं कापड आहे.”

“कापड कशाचं ते मला शिकवू नकोस.” तिनं पट्टा बोटांत धरून बघितला. “हा आधी बांधायचा नसतो, तिजाह. आधी बांधला की पोटाला वाटतं, आपलं काम झालं.”

मी तिच्यावर खेकसले. भीती वाटली की मी चिडते, ही माझी जुनी खोड.

पहिल्या दिवशी बांधला. कंबर मुठीत मावेल अशी. मास्टर खूष. दुसऱ्या दिवशीही बांधला. तिसऱ्या दिवशी सकाळी सुरी म्हणाली, “काल हलत होतं. आज गप्प आहे.”

“आईनं दोन दिवस नाचवल्यावर दुसरं काय करणार? झोपलं असेल.”

ती हसली. मी शेवटचे वेढे सैल घातले. तिनं माझा हात धरला. “घट्ट कर, कक. आज संपणारच आहे.”

मी घट्ट केला.

नाचाच्या शेवटी राजकन्या गिरक्या घेत राजपुत्राच्या पायाशी कोसळते. गाण्याची तबकडी पुढं, पाय मागं, असं सहा वेळा झालं. सातव्या वेळी सुरी दोन गिरक्या आधीच पडली. गाणं चालूच होतं. मास्टर म्हणाले, “वा, हेच पाहिजे होतं,” आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तरी ती उठली नाही. मी धावले, तोवर पांढरा घागरा खालून भिजत चालला होता. पट्टा सोडायला बसले. सोडतेय, सोडतेय, वेढे संपेचनात.

मुलगा होता. पट्टा धुऊन, वाळवून तोक लिमानं माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “आता बांध.” मूल गेलं तरी बाळंतीण ती बाळंतीण. चाळीस दिवस मी रोज सुरीचं पोट त्याच पट्ट्यानं बांधलं, आणि ती भिंतीकडे बघत उभी राहिली. तिला पुन्हा दिवस राहिले नाहीत. पुढं नवरा गेला, स्टुडिओ बंद पडला, आम्ही दोघी एका घरात आलो. त्या नाचाला साठ वर्षं झाली. या साठ वर्षांत ती मला नुसतं तिजाह म्हणते.

सिनेमात त्यांनी ते सातव्या वेळचंच पडणं ठेवलंय. पोरगी तिच्या यंत्रावर ते पुन्हा पुन्हा लावत होती. “किती खरं वाटतं हे,” ती म्हणाली. “आणि ही कंबर. सांगा ना, माक सुरी.”

सुरीनं पडद्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

“कंबर हिनं बांधली होती,” ती म्हणाली. “मीच म्हटलं होतं, घट्ट कर. सांग तिला, कक.”

पोरीनं कॅमेरा माझ्याकडे वळवला.