पाठमोरा हत्ती

ताडकळसचे मारोतराव पेंटर भिंतीशी बोलल्याशिवाय ब्रश उचलत नसत. चुना दिलेल्या भिंतीवर थाप मारून म्हणायचे, "पोट आत घे जरा, लय फुगलीस." मग लग्नघराच्या दाराच्या दोन्ही अंगांना हत्ती उभे राहायचे, सोंडेत हार धरून. त्यांचा कायदा एकच: "हत्तीचं तोंड दाराकडं. पाव्हण्याला पाठ दावंल तो हत्ती न्हाई, भाऊबंद हाय!"

मी त्यांचा शेजारी, शाळामास्तर. सत्तरच्या दशकातला तो मोठा दुष्काळ सरला आणि पंचक्रोशीत लग्नांचा पूर आला. त्यात त्यांच्या लेकीचं, विमलचंही लग्न चुडावा गावी ठरलं. स्वतःच्या दाराचा डावीकडचा हत्ती त्यांनी असा काढला, की बैल बिचकायचे. उजवीकडचा राहिला, कारण तेवढ्यात मारोतरावांना लकवा आला. उजवा हात मांडीवर नुसता पडून राहिला.

"पूर्णेचा पेंटर बोलवा की," कौसाबाई, त्यांची बायको, म्हणाली.

"माज्या दारावर दुसऱ्याचा हत्ती? त्यापरीस म्हस बांध!"

ब्रश डाव्या हातात गेला. मी रंगाचा डबा धरून उभा. काय सांगू, तो हात नव्हताच. सासुरवाडीत रुसून बसलेला जावई! इकडं म्हटलं की तिकडं. पाठ डुकराची झाली, पाय पाच झाले. मारोतराव भिंतीला शिव्या देत होते, मी हसू ओठांत दाबत होतो. शेवटी सोंड आली ती भलत्याच टोकाला. हत्ती दाराकडं शेपूट करून चालू लागला होता!

मारोतराव ओट्यावर बसले. "गुरुजी, चुना मारा त्याच्यावर. पाव्हणे हसतेन. ह्यो हात माजा न्हाईच." डोळ्यांतलं पाणी पुसायला त्यांनी उजवाच हात उचलू पाहिला. तो हलला नाही. माझं हसू कुठल्या कुठं गेलं.

मी चुन्याची बादली आणली. हळद लागलेल्या विमलला उंबरा ओलांडायची बंदी, ती दारातूनच मान काढून ओरडली, "गुरुजी, बादली खाली ठिवा! बाबा, त्याचं तोंड चुडाव्याकडं हाय. मी बी तिकडंच जायले की. येऊ द्या त्याला संगं."

मारोतराव ओट्यावरून उठून भिंतीशी आले. मग डावा हात पुढं करून म्हणाले, "द्या ब्रश. जायचंच हाय तर हार तरी नीट धरू द्या त्याला."

वेशीत वऱ्हाडाचा बाजा वाजू लागला, तरी तो हार काही सरळ झाला नाही.