नालवाडीत आला डाउनसिंग

बसा, चहा ठेवलाय. तो उकळेपर्यंत माझी एक फजिती ऐकून घ्या. मी स्वतःच सांगतो. नाहीतर तुम्ही ती आमच्या शेजारच्या डाखोरेंकडून ऐकाल, आणि डाखोरे त्यात तिखटमीठ फार घालतात.

आधी एक सांगून ठेवतो. एखादी गोष्ट मला जमली नाही, असं सहसा होत नाही. गर्व नाही हो, अनुभव आहे! पोहायला मी शिकलो ते कोणीतरी विहिरीत ढकललं म्हणून. वर आलो तो पोहतच आलो. ठिबकच्या पाइपांचं दुकान टाकलं तेव्हा सगळे म्हणाले, बुडशील. आज पार तळेगावपर्यंत माझा पाइप जातो. आता तुम्हीच सांगा, अशा माणसाला गोल्फ जड जाईल का?

मलाही तेच वाटलं होतं.

झालं असं, की आमच्या सायलीचं लग्न झालं आणि नागपूरचे व्याही मिळाले. पाटबंधारे खात्यातले रिटायर इंजिनिअर. माणूस सोन्यासारखा, फक्त गोल्फचा नाद. लग्नाच्या पंगतीत मला म्हणाले, "आमच्या क्लबात दरसाल जोडीची मॅच असते. यावर्षी आपण दोघं व्याही उतरू. खेळता ना तुम्ही काही?"

"काही म्हणजे? सगळंच खेळतो!" मी म्हणालो.

शेजारी नवरी सायली रीतीप्रमाणे वाढत होती. तिच्या हातातली बुंदी ताटाऐवजी माझ्या मांडीवर पडली. नंतर बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, सासऱ्यांसमोर फजिती नका करू हां. मले त्याच घरात राहायचं आहे."

"तू काहाले टेन्शन घेतं? तुह्या बापाले काय येत नाई?" मी म्हटलं.

तर व्याह्यांनी मला नागपूरला सरावाच्या मैदानावर नेलं. तिथे शिकवायला नेहा मॅडम. सायलीपेक्षा थोडी मोठी असेल, पण आवाज हेडमास्तरीणबाईंचा. मी काठी घेतली, वर नेली आणि विटीवर दांडू हाणावा तशी हाणली. चेंडू होता तिथेच राहिला. काठी मात्र बरीच लांब गेली!

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काका, काठी वर नेणं सगळ्यांना जमतं. खाली आणायची सुरुवात कुठून करायची, तेवढंच शिकायचं असतं. त्याला डाउनस्विंग म्हणतात."

"खाली आणायला काय शिकायचं मॅडम? सोडली की येते खाली!"

"तसं नाही. हातांनी सुरुवात करायचीच नाही. काठी वर पोचली की आधी डाव्या पायावर भार द्या. मग कंबर फिरेल. कंबरेमागून खांदे, आणि हात सगळ्यांत शेवटी. हात म्हणजे जावईबापू समजा. सगळी तयारी झाल्यावरच त्यांनी यायचं."

हे मात्र मला पटलं. आमचे जावई अगदी तसेच आहेत.

"आणि महिनाभर चेंडूचं नाव काढायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "चेंडू दिसला की माणसाचे हात शिवशिवतात. नुसती हालचाल पक्की करा."

आता वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या नालवाडीत गोल्फची काठी कुठून आणायची? पण पाइपवाल्याला काठीची काय कमी! दुकानातून एक करडा पाइप कापून आणला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरासमोरच्या मोकळ्या प्लॉटवर सुरू झालो. पाइप वर नेला, क्षणभर थांबलो, मग मोठ्यानं म्हणालो, "पाय! कंबर! खांदा! हात!"

कुंपणावरून डाखोरे बघत होते. एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. आयुष्यभर गाडीत उभं राहून त्यांच्या कंबरेचा पार भुगा झालेला. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण डोक्यात आलं नाही, त्याला काय करणार?

"काऊन भाऊ, कंबर धरली का?" डाखोरेंनी विचारलं.

"धरली नाई, सोडून राह्यलो," मी म्हटलं. "डाउनस्विंग आहे हे. नागपूरच्या एका मॅडमनं शिकवलं. आपल्या लोकायचं काय होते डाखोरे, कंबर राह्यते जाम, अन् सारा जोर पडते हातावर न खांद्यावर. म्हणून सारं बिघडते. एकदा का कंबर मोकळी झाली, का बाकीचं आपोआप येते."

डाखोरेंचे डोळे मोठे झाले. "अगदी माह्यंच सांगून राह्यले तुमी! बरी आहे का हो मॅडम?"

"बरी? अहो, मोठमोठे साहेब येतात तिच्याकडं. डॉक्टर लोकसुद्धा!"

"डॉक्टर सोता तिच्याकडं जातेत?"

"लाइन लागते!"

झालं! डाखोरे कुंपण ओलांडून आले. म्हणजे फाटकातून वळसा घालून आले. कुंपण ओलांडायची कंबर होती कुठे! म्हणाले, "मले शिकवा ना भाऊ."

तुम्हाला सांगतो, माझा ऊर भरून आला. वाटलं, आपल्यामुळे नालवाडीत गोल्फ आला! मी लगेच त्यांना एक पाइप कापून दिला.

आठवड्याभरात डाखोरे उड्या मारत आले. "भाऊ, भल्ला फरक हाये! आज मी खाली वाकून सोता चप्पल घातली!"

मी म्हणालो, "शाब्बास! वाकणं महत्त्वाचंच आहे." मनात म्हटलं, गोल्फमध्ये चेंडू उचलायला वाकावंच लागतं. माणूस किती पुढचा विचार करतो!

मग डाखोरेंची बायको आली. तिच्या मागून तिची बहीण. मग गल्लीच्या टोकाच्या शांताबाई आल्या. पंचाहत्तरीच्या पुढची बाई, नऊवारी खोचून, हातात पाइप घेऊन उभी राहिली. सेवाग्रामला दवाखान्यात नोकरी करणारे दोघं तर ड्यूटीला जाता जाता यायला लागले. मला तो मोठाच सन्मान वाटला. दवाखान्यातली माणसं म्हणजे चारचौघांत बसणारी, त्यांना गोल्फची आवड असणारच!

बघता बघता प्लॉट भरला. मी समोर उभा. "पाय!" म्हटलं की सगळे डावीकडे झुकत. "कंबर!" म्हटलं की अख्खी नालवाडी वळे. करडे पाइप एकदम हवेत फिरत, सूं सूं आवाज येई. रस्त्यानं जाणारे स्कूटर थांबवून बघत. कोणाचीही चेंडूबद्दल तक्रार नाही! मी मनात म्हणायचो, काय शिस्त आहे आपल्या लोकांत!

एक घरची बाई तेवढी गप्प होती. माझी बायको सुनंदा. एके दिवशी म्हणाली, "अवो, या लोकायले नेमकं काय शिकवून राह्यले तुमी?"

"डाउनस्विंग!"

"थे समजलं. पन त्याईले काय वाटते, थे विचारलं का कधी?"

"त्यांचे चेहरे बघ ना. किती खूश आहेत!"

तिनं नुसतं कपाळाला हात लावला. मला वाटलं, हेवा वाटत असेल.

आता मला सांगा, एवढं यश मिळाल्यावर माणूस गप्प बसेल का? मी व्याह्यांना फोन लावला. "मी तर शिकलोच, पण इथं आमच्या नालवाडीत लोकांना गोल्फचं वेड लागलंय. रोज सकाळी क्लास भरतो. म्हाताऱ्या बायका येतात!"

व्याह्यांचा आवाज कापरा झाला. "क्या बात करताय? साहेब, हे आम्हाला क्लबात इतकी वर्षं जमलं नाही! मी येतो बघायला. मॅडमलाही आणतो, आमच्या सेक्रेटरीसाहेबांनाही आणतो."

आणि आले हो, रविवारी सकाळी! मोठी गाडी, मागे काठ्यांची पिशवी, चेंडूंचा डबा. सायलीही आली होती, घाबरलेली. प्लॉटवर सगळे रांगेत उभे. मी दणक्यात आवाज दिला, पाइप फिरले, अख्खी रांग एका लयीत वळली. नेहा मॅडम थक्क. म्हणाल्या, "काका, यांची कंबर किती सुरेख फिरतेय! आमच्या क्लबातल्या निम्म्या लोकांना हे जमत नाही."

व्याह्यांनी रुमालानं डोळे पुसले. मी सायलीकडे बघितलं. ती पहिल्यांदाच हसली. तो क्षण, तुम्हाला सांगतो, तिथेच थांबायला हवा होता.

पण सेक्रेटरीसाहेब शांताबाईंजवळ गेले. अदबीनं विचारलं, "आजी, गोल्फ कधीपासून खेळता?"

"काय?" शांताबाई म्हणाल्या.

"गोल्फ, आजी. गोल्फ."

"थे काय असते बावा? मी तं कंबरेसाठी येतो. पाटावर बसता येत नव्हतं मले. आता मांडी घालून बसतो." मग पाइप काखेत मारून त्यांनी हात जोडले. "ज्यानं हा उपाय काढला त्या डाउनसिंगाचं भलं होवो! पंजाबी असंन ना तो?"

सेक्रेटरीसाहेबांनी व्याह्यांकडे पाहिलं. व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डाखोरेंकडे पाहिलं.

डाखोरे म्हणाले, "म्हणजे भाऊ, हे कंबरेचं नव्हतं?"

"अहो, खेळ आहे हा! चेंडू मारायचा खेळ!"

"मंग इतके दिवस चेंडू कुठं होता?"

कोणीतरी फुसकन हसलं. मग व्याही हसले, मॅडम हसल्या, रांगच्या रांग पाइपांवर टेकून हसायला लागली. सायलीनं ओढणीत तोंड लपवलं होतं. ती हसतेय की रडतेय, ते मला कळेना.

ते मात्र मला लागलं. म्हटलं, लोकांचं जाऊ द्या. मी स्वतः तर गोल्फच शिकलो ना? मी व्याह्यांना म्हणालो, "काढा ती पिशवी. ठेवा चेंडू. आज दाखवतोच."

"काका, महिना झालेला नाही अजून," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, तुम्ही फक्त बघा!"

पिशवीतली सगळ्यांत मोठ्या डोक्याची काठी मी उचलली. चेंडू ठेवला. काय पांढराशुभ्र दिसत होता! इतक्या दिवसांनी चेंडू बघितला आणि खरं सांगतो, माझे हात शिवशिवले. काठी वर नेली. वर पोचलो तेव्हा डोळ्यांसमोर पाय नव्हता, कंबर नव्हती. डोळ्यांसमोर एकच चित्र होतं: चेंडू नालवाडीवरून उडतोय आणि सेवाग्रामच्या अलीकडे कुठेतरी पडतोय. दात खाऊन मी अशी हाणली!

कट्ट!

तो आवाज चेंडूचा नव्हता. चेंडू तर होता तिथेच माझ्याकडे बघत बसला होता. आवाज माझ्या आतून आला होता. काठी खांद्यामागे, मान आभाळाकडे, धड सेवाग्रामकडे आणि पाय वर्ध्याकडे, अशा अवस्थेत मी जागच्या जागी थिजलो. माझ्या दुकानात पाइपाला काटकोनात वळवायचा जो एल्बो मिळतो ना, हुबेहूब तसा!

व्याही टाळ्या वाजवत म्हणाले, "चेंडू हुकला तर हुकला, पण शेवटची पोझ काय झकास धरली आहे!"

सेक्रेटरीसाहेबांनी फोटो काढला. लोकांनीही टाळ्या वाजवल्या.

मॅडम म्हणाल्या, "छान काका. सोडा आता पोझ."

दातांच्या फटीतून मी म्हणालो, "पोझ नाही मॅडम. अडकलोय!"

सगळ्यांत आधी सायली धावली. "बाबा!" म्हणत तिनं मला मागून धरलं. मग डाखोरे आले आणि दवाखान्यातले ते दोघंही आले. चौघांनी मला तसाच्या तसा, काठीसकट उचलला. आडवा होईना म्हणून उभाच गाडीकडे नेला, मिरवणुकीत नेतात तसा. शांताबाई मागून ओरडत होत्या, "हळू रे बाप्पा, हळू! कंबर आहे थे!"

डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि झोपून राहायला सांगितलं. व्याही रोज फोन करायचे. मॅच ते सेक्रेटरीसाहेबांबरोबर खेळले आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडले. पण माणूस मोठ्या मनाचा! सायलीनं सांगितलं, ते घरी आल्यागेल्याला माझा तो फोटो दाखवतात आणि म्हणतात, "हे आमचे व्याही. यांनी अख्ख्या गावाला गोल्फ शिकवला, गावाला पत्ता लागू न देता!" सासरी तिचं वजन उलट वाढलंच म्हणे. म्हणजे मी यशस्वीच झालो की नाही?

पण क्लासचं काय, असं तुम्ही विचाराल. मलाही तीच काळजी होती. गुरूच आडवा पडल्यावर शिष्यांनी काय करायचं? खाटेवर पडल्या पडल्या माझा जीव तुटायचा. एका सकाळी खिडकीतून सूं सूं ऐकू आलं. मान वळत नव्हती म्हणून सुनंदाला विचारलं, "कोण आहे गं?"

"सारेच आहेत. डाखोरे भाऊजी शिकवून राह्यले. पहिलेपेक्षा जास्त लोक येतेत आता."

दुपारी डाखोरे भेटायला आले. खाटेशेजारी खुर्ची ओढून ताठ बसले. पायावर पाय टाकला. इतक्या वर्षांत त्या माणसाला मी पायावर पाय टाकलेला पाहिला नव्हता.

"भाऊ," ते म्हणाले, "वाईट वाटून नका घेऊ, पन त्या दिवशी मी जवळून पाह्यलं. तुमी सुरुवातच हातानं केली."

खरं होतं.

"पट्टा सुटला का सकाळी प्लॉटवर येजा," डाखोरे उठता उठता माझ्या खांद्यावर थोपटत म्हणाले. "मागच्या रांगेत उभे राहा, शांताबाईच्या बाजूले. थे नवीन लोकायले चांगलं सांभाळून घेते."