या बाई, बसा

इरा, नील,

तुम्ही फोनवर विचारता, "आजी, तुझं गाव कोणतं?" आणि मी नागपूर सांगून मोकळी होते. ते खरं नाही. माझं गाव भंडारा जिल्ह्यात, सानगडीच्या पुढे. तरुणपणी मी वर्तमानपत्रात लिहिलं की आमच्या तलावावर काही घरांतल्या बायकांना सगळ्यांच्या शेवटी पाणी भरावं लागतं. गाव चिडलं. वडील म्हणाले, पुन्हा इथे येऊ नकोस. मी तुमच्या आजोबांबरोबर इंग्लंडला आले. आता ते नाहीत आणि घरात मराठी बोलणारं कुणी उरलं नाही. म्हणून या हिवाळ्यात मी गावी जाऊन आले.

वरठीला, म्हणजे भंडारा रोड स्टेशनला, गाडीतून उतरले. कारखान्याची पाळी सुटली होती. मोटरसायकली जाईपर्यंत थांबले. रिक्षावाल्याला मराठीत विचारलं, "साकोलीची बस कुठून मिळेल?" त्याने माझ्या बुटांकडे पाहिलं आणि हिंदीत म्हणाला, "मॅडम, भंडारा जाना पडेगा. बाहर से आये हो क्या?" मी हो म्हटलं.

साकोलीच्या पुढे धान कापून झालं होतं. शेतांत पुंजणी (धानाच्या भाऱ्यांचे ढीग) रचलेली, ओल्या जमिनीत लाखोळी (एक कडधान्य) हिरवी झालेली.

माझी धाकटी बहीण शेवंता ओसरीवर तांदूळ निवडत होती. वर पाहून म्हणाली, "या बाई. बसा."

आमच्याकडे थोरल्या बहिणीला 'बाई' म्हणतात. परक्या बाईलाही 'बाई'च. बहिणीला 'ये' म्हणतात, परकीला 'या'. एवढ्यासाठी मी इतक्या लांबून आले होते आणि ती 'या' म्हणाली.

जेवायला भात, लाखोळीची डाळ आणि धोप्याची (अळूची) भाजी होती. "तुमाले तिखट चालते काय?" शेवंताने विचारलं. मी हो म्हटलं, छान झालंय म्हटलं. तिची सून तोंडाला पदर लावून हसली. "मावशीबाई टीव्हीवरच्या बातमीवानी बोलते." शेवंता हसली नाही.

तिने पुन्हा भात वाढला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थँक यू." इंग्लंडात कुणी दार धरलं तरी आभार, बसमधून उतरताना ड्रायव्हरचेही आभार. जिभेला वळण पडलंय.

शेवंताचा हात थांबला.

"थ्यांकू? मले थ्यांकू म्हनतेस? मी काय हाटेलवाली आहो? बाबा गेला तवा कुठं होतीस तू?"

"मला कुणी कळवलं नाही, शेवंता."

"कळवाले पत्ता ठेवला होता काय तू? तवा नाही आलीस, आता काहून आलीस?"

मी हातातला घास ताटात ठेवला. सून आत निघून गेली.

"जेव आता," शेवंता म्हणाली. "भात थंडा होऊन राहिला."

संध्याकाळच्या बसने मी निघाले. ती पोचवायला आली नाही, पुन्हा ये असंही म्हणाली नाही. इथे परत आल्यापासून घर फार शांत वाटतं.

तलावावरची ती रांग आता नाही, घरोघरी नळ आहेत. आईवडील गेले. शेवंता आहे, आणि रागावली की ती मला अजून 'तू'च म्हणते.