मेंढरं पाजली का

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. पालमला झालेल्या त्या प्रयोगात खाटेवरून जो आवाज आला तो माझा होता, आणि ते वाक्य नाटकात नव्हतं.

मी परभणीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. तरुणपणापासून हौशी नाटकं करत आलो, आणि त्यात नेहमी म्हाताऱ्यांची कामं वाट्याला आली. स्पर्धेत परीक्षक पेंगायचे, मागच्या रांगेत लोक मोबाईल बघायचे. म्हणून पुण्याहून एक बाई आल्या आणि म्हणाल्या, ‘एका वेळी एकच प्रेक्षक, आणि तुम्ही त्याच्यापासून हातभर अंतरावर,’ तेव्हा मी लगेच हो म्हणालो.

बाईंचा अभ्यास माणसाच्या आठवणींवर होता. त्या सांगायच्या, आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली वस्तू नाही. आपण ती काढतो तेव्हा दर वेळी नव्याने बांधतो. मग डोळ्यांसमोर खोटं चित्र असेल, पण हाताला खरा स्पर्श होत असेल, तर मन पुढे काय जपून ठेवतं, हे त्यांना बघायचं होतं. त्यासाठी हे नाटक बसवलं होतं. प्रेक्षकाच्या डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवायचा. त्याला दिसायचं शेणानं सारवलेलं घर, खाट, खाटेवर शेवटच्या घटका मोजणारा म्हातारा आणि तिपाईवर तांब्या. चित्रात खाट जिथं, तिथंच खोलीत खरी खाट ठेवलेली. फरशीवर खडूच्या खुणा होत्या. खाट बोटभर सरकली तरी सगळा खेळ फसायचा. त्या खाटेवर मी पडलेला असायचो. चष्म्यातला आवाज सांगायचा, ‘तांब्या उचला, म्हाताऱ्याला पाणी पाजा.’ माणूस चाचपडत तांब्या उचलायचा आणि खऱ्या ओठांत खरं पाणी ओतायचा.

बाईंचे नियम दोनच. मी तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि शेवटी चष्मा उतरला की मी उठून बसायचं, नमस्कार करायचा, मी नट आहे हे सांगायचं. दुसऱ्या नियमाबद्दल त्या फार कडक होत्या. ‘माणसाला त्या खोलीत तसंच सोडून द्यायचं नाही,’ म्हणायच्या.

पेरण्या आटोपल्या होत्या. पालमच्या शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग होते. प्रेक्षकांना आणणं, बसवणं, चहा देणं हेही माझ्याकडेच, कारण गावची बोली मला येत होती. आलेल्यांत एक मेंढपाळ होता, माझ्याच वयाचा. चहा पिताना त्यानं चष्म्याकडे मान वळवली.

“सर, डोळ्याला डबा बांधून नाटक दावायलाव, मग नट कशाला लागतेत?”

“बघा की तुम्हीच.”

“मेंढरालाबी एकेक बांधा म्हनावं. हिरवं रान दावा. उन्हाळा निघंल आमचा.”

आम्ही हसलो. मग कशावरून कोण जाणे, तो वडिलांबद्दल बोलू लागला. ते गेले तेव्हा तो मेंढरं घेऊन लांब चारणीला गेला होता, फोनला चार्जिंग नव्हतं. घरी थोरला भाऊ होता. शेवटचं पाणी त्यानं पाजलं. तेव्हापासून हा पित्राच्या दिवशी सगळ्यांना वाढायचा, पण वडिलांच्या नावानं घास टाकायचा नाही, वाड्यावर मेंढरांत जाऊन बसायचा.

“पानी पाजलं न्हाई, त्यानं घास कोन्त्या हकानं टाकावा?” तो म्हणाला. मग जरा हसून, “आबा मला म्हाताऱ्या म्हनायचा. ल्हान असल्यापासून. चाल लय सावकाश माजी. रानातून आलो की पयला सवाल, म्हाताऱ्या, मेंढरं पाजली का? जेवलास का, कसा हायस, काई न्हाई.”

मी त्याला आत नेऊन बाईंच्या हवाली केलं आणि मागच्या दारानं जाऊन खाटेवर पडलो.

त्यानं चाचपडत तांब्या उचलला. तांब्याची कड माझ्या दाताला लागली. पाणी गळ्यात गेलं, थोडं मानेवर सांडलं. त्यानं ते आपल्या बाहीनं पुसलं. हे करायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी डोळे किलकिले करून पाहिलं. चष्म्याखाली त्याची हनुवटी गच्च आवळलेली होती. रडू अगदी काठावर येऊन थांबलं होतं. मला ते काठाबाहेर यायला हवं होतं. दयेनं नव्हे, हे आज कबूल करतो. इतक्या वर्षांत माझ्यामुळं कुणी असं हललं नव्हतं, आणि चहाबरोबर मिळालेलं ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं.

“म्हाताऱ्या,” मी घोगऱ्या आवाजात म्हणालो, “मेंढरं पाजली का?”

तो खाली बसला. खाटेचा पाय धरला.

“पाजली, आबा,” म्हणाला. “समदी पाजली.”

मग त्याला जे रडू आलं, ते ऐकून मी घाबरलो. पलीकडून बाईंची पावलं ऐकू आली आणि मी उठून मागच्या दारानं बाहेर पडलो. हातपंपावर तोंड धुतलं. त्यांनी चष्मा काढला तेव्हा खाट रिकामी होती. माणसाला सावरण्याच्या गडबडीत त्यांचं तिकडं लक्ष गेलं नाही. संध्याकाळी विचारलं, “तुम्ही भेटलात ना त्यांना?” मी म्हणालो, “हो, भेटलो.” ते वाक्य त्यांनी ऐकलेलंच नव्हतं, मीही सांगितलं नाही.

महिन्यानंतर प्रेक्षकांना फोन करून काय आठवतं ते विचारायचं होतं. तेही काम माझंच. तो म्हणाला, “आबाला पानी पाजलं, त्ये.” नाटकाचं नाव नाही, चष्म्याचं नाव नाही. मी तसंच कळवलं. बाई खूश झाल्या. मेंदूनं चष्मा गाळून टाकला आणि पाणी तेवढं ठेवलं, असं म्हणाल्या.

भाद्रपदात त्याचा फोन आला. “सर, आमच्यात पित्र म्हनून तुमाला बसायचंय. न्हाई म्हनू नका.”

आमच्याकडे त्या दिवशी बाहेरच्या एका माणसाला पूर्वजाच्या जागी बसवून आधी जेवू घालतात. ज्याच्यामुळं हे घडलं त्याला बसवावं, एवढाच त्याचा विचार. त्याच्या लेखी मी फक्त त्याला हॉलमध्ये नेणारा माणूस. मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. मी एसटीनं गेलो. त्यानं माझ्या कपाळाला गंध लावलं, खांद्यावर टॉवेल टाकला. ताटात खीर, वडे, कढी. शेजारचे दोघे-तिघे पंगतीला होते. त्यानं पहिल्यांदाच स्वतः घास टाकला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “आबाला आखरीचं पानी म्या पाजलंय.”

थोरला भाऊ वाढत होता. त्याचा हात थांबला. “त्या डब्यात?”

“तोंड डब्यात दिसायलतं. आवाज कानापशी व्हता, दादा. म्हाताऱ्या म्हनला मला. पुन्याच्या बाईला ते कसं म्हाईत असंल?”

थोरल्यानं माझ्याकडे पाहिलं. “सर, तुमी व्हतात तितं. खरं काय हाय?”

माझ्या तोंडात खीर होती. ती गिळली. म्हणालो, “मशीनचं काही सांगता येत नाही.”

एवढंच. पित्राच्या पाटावर बसून, त्यांच्या बापाच्या नावानं वाढलेलं खाऊन.

थोरला मला फाट्यापर्यंत सोडायला आला. बसची वाट बघताना रस्त्याकडे नजर ठेवून म्हणाला, “मीच पाजलं व्हतं सर. निम्मं भाईर आलं, म्या धोतरानं पुसलं. आता गावात लोक मलाच इचारायलेत, तू खरंच व्हतास का म्हनून. ऱ्हाऊ द्या. त्याला झोप लागायली ना रातची.”

बस आली. मी चढलो. तेव्हाही सांगता आलं असतं.

त्यानंतर मी स्वतःची समजूत अनेक प्रकारे घातली. खरं सांगितलं तर धाकट्याच्या हातातलं पाणी पुन्हा हिरावल्यासारखं होईल, असं म्हणून पाहिलं. पण तो विचार मला त्याच्यासाठी सुचत नाही, माझ्यासाठी सुचतो. त्याची झोप थोरल्याच्या जिवावर चालली आहे आणि थोरला ती मुकाट पुरवतो आहे. बाईंच्या अभ्यासात माझं ते वाक्य कुठेच नाही, त्याचा परिणाम मात्र आहे. मी नाटकंही सोडली. वय झालं असं सांगतो.

बाईंना मी खरी हकीकत देणं लागतो. आणि त्या दोन भावांना एका जागी बसवून, आवाज माझा होता आणि शेवटचं पाणी थोरल्यानं पाजलं, हे त्यांच्या तोंडावर सांगणं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.